संघ पेठेचा, सही कारभाऱ्यांची: फुटबॉल समर्थकांचा आपल्याच प्रतिनिधींवर विश्वास का नाही?

कोल्हापूरच्या छत्रपती शाहू स्टेडियमवर मोठ्या सामन्याच्या दिवशी काय माहोल असतो, हे या भागातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. दुपारपासून दुचाक्यांना झेंडे लागतात, दुकानाची शटर्स अर्धी खाली येतात आणि गॅलरीत पेठेप्रमाणे जागा धरल्या जातात. सामना तापला की कधी बाटली येते, कधी दगड. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘हुल्लडबाजी’ हा शब्द ठरलेला. मग बैठक. एका बाजूला संघटनेचे पदाधिकारी, एका बाजूला पोलीस अधिकारी आणि मध्ये दोन्ही तालमींचे कारभारी. समर्थक नीट वागतील अशी हमी कारभारी देतात, पुढचा सामना प्रेक्षकांविना घ्यायचा की नाही ते ठरतं, सह्या होतात. गॅलरीतल्या पोराला हे सगळं मोबाईलवर कळतं.

‘आमच्या वतीनं सही करायला यांना सांगितलं कुणी?’ हा प्रश्न तिथून निघतो. तो फक्त कोल्हापूरचा नाही. २०२१ मध्ये याच प्रश्नावरून कोलकात्यात ईस्ट बंगालच्या समर्थकांनी लाठ्या खाल्ल्या, २०२४ मध्ये जर्मनीत प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले, आणि बार्सिलोनाच्या सभासदांनी २०२० मध्ये अध्यक्षाला घरी बसवलं. समर्थक कोण, त्याचा प्रतिनिधी कोण आणि दोघांमधला हिशेब नेमका कुठे अडतो, त्याची ही माहिती.

तालीम आधी, संघ नंतर

तालीम मुळात कुस्तीची. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयानं पेठापेठांतल्या तालमी बहरल्या, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. पुढे याच तालमी-मंडळांनी फुटबॉलचे संघ काढले. म्हणून संघांची नावं आजही क्लबसारखी वाटत नाहीत. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, जुना बुधवार पेठ तालीम. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ, प्रॅक्टिस क्लब. या सगळ्यांची लीग कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची केएसए, भरवते.

यातून एक गोष्ट घडली जी मुंबई-पुण्याच्या कंपनीवाल्या संघांत घडू शकत नाही. इथला समर्थक गिऱ्हाईक नाही. तो त्याच गल्लीत राहतो, त्याच मंडळाच्या गणपतीत नाचतो, त्याचा चुलता कधीकाळी त्याच संघाचा बॅक होता. शिवजयंती, गणेशोत्सव आणि फुटबॉल या तिन्हींची वर्गणी तो एकाच पावतीपुस्तकावर देतो. त्यामुळे ‘समर्थकांचा क्लब’ म्हणून वेगळी नोंदणी, वेगळा अध्यक्ष, वेगळी घटना असं इथे फारसं झालं नाही. तालीम हाच क्लब आणि पेठ हाच समर्थक, असं सगळेच धरून चालले.

गफलत इथेच आहे. पेठेत राहणारा प्रत्येक जण तालमीचा सभासद नसतो. वर्गणी देणाराही सभासद असतोच असं नाही. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तसं, पैसे दिल्याची पावती वेगळी आणि भागधारक असल्याचा दाखला वेगळा. गॅलरीतला पोरगा स्वतःला मालक समजतो. सभासदांच्या रजिस्टरात त्याचं नाव नसतं, आणि कधी कधी रजिस्टरच कुणी बघितलेलं नसतं.

पैसा कुठून येतो, कुठे जातो

हंगामाचा खर्च आता पूर्वीसारखा किरकोळ राहिलेला नाही. खेळाडूंचं मानधन, किट, सरावाचं मैदान, प्रशिक्षक, दुखापत झाली तर दवाखाना, बाहेरच्या खेळाडूंची राहण्या-खाण्याची सोय. पेठांच्या संघांतून आफ्रिकी देशांतले खेळाडूही खेळून गेले, तेव्हा तर खर्चाचा आकडा आणखी फुगला. जमेच्या बाजूला वर्गणी, व्यापाऱ्यांच्या जाहिराती, बक्षिसाची रक्कम आणि नेत्यांची देणगी. यातली शेवटची बाब सगळ्यात जड. महापौर चषक, सतेज चषक अशी स्पर्धांची नावं वाचली तरी फुटबॉल आणि राजकारण किती जवळ बसतात ते कळतं.

नेत्याची देणगी वाईट असं कुणी म्हणणार नाही. ती नसती तर निम्मे संघ उभे राहिले नसते. पण देणगी देणारा एक आणि वर्गणी देणारे पाचशे, अशी स्थिती आली की कारभारी कुणाचं ऐकणार हे उघड आहे. समर्थकाला ते दिसतं. निवडणुकीच्या वर्षात तालमीच्या दारात कुणाचा फ्लेक्स लागला यावरून कारभारी कुणाकडे झुकले ते पेठ ओळखते, आणि मैदानावरचा राग तिथपर्यंत जाऊन पोचतो.

‘पैसे खाल्ले’ हा आरोप मग येतोच. बहुतेक वेळा तो सिद्ध होत नाही आणि खोटाही ठरत नाही, कारण दोन्हीसाठी लागणारा कागदच नसतो. रोखीनं आलेली वर्गणी, रोखीनं दिलेलं मानधन, हंगाम संपल्यावर तोंडी सांगितलेला जमा-खर्च. अशा कारभारात लबाड खजिनदार सुटतो आणि प्रामाणिक खजिनदार बदनाम होतो. दुसऱ्याचं नुकसान जास्त. घरचे पैसे घालून संघ चालवणारी माणसं प्रत्येक पेठेत आहेत, आणि चार-पाच वर्षांत ती कंटाळून बाजूला होतात.

गुन्हा पोरावर, समेट कारभाऱ्यांचा

पैशापेक्षा कडू विषय पोलीस केसचा. गॅलरीत हाणामारी झाली की गुन्हा दाखल होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यात बेकायदा जमावासाठी कलम १८९ आणि दंगलीसाठी कलम १९१ आहे, जुन्या भारतीय दंड संहितेत हीच कलमं १४३ आणि १४७ होती. जमावाच्या गुन्ह्यात नेमका दगड कुणी मारला हे बाजूला राहतं. जमाव बेकायदा ठरला की त्यात असणं हाच गुन्हा होतो. व्हिडिओत जो दिसला त्याचं नाव यादीत जातं.

या जिल्ह्यातली किती पोरं सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करतात ते पहाटे कुठल्याही मैदानावर जाऊन बघावं. भरतीत चारित्र्य पडताळणी होते. गुन्हा नोंद आहे का, ही माहिती अर्जात भरावी लागते, लपवली तर तेच कारण पुढे नोकरी जाण्याला पुरतं. म्हणजे नव्वद मिनिटांच्या सामन्याची किंमत एखादा पोरगा पाच वर्षं मोजतो. त्याच वेळी दोन्ही तालमींचे कारभारी एका टेबलावर बसून चहा घेतात, स्पर्धा पुढे सुरू होते. समेट संघांचा होतो, केस मात्र पोराच्या नावावर राहते. कारभाऱ्यांची बाजूही आहे. ते समेट करतात तेव्हा संघाला स्पर्धेतून बाद होण्यापासून वाचवत असतात, आणि दंगा करू नका म्हणून तेच आधी ओरडलेले असतात. पण वकील कोण देणार, जामीन कोण राहणार, हे बैठकीत कुणी विचारलं का, एवढाच समर्थकांचा सवाल असतो. त्याला उत्तर मिळत नाही, कारण बैठकीचं इतिवृत्त पेठेत कुणी वाचून दाखवत नाही.

सगळ्या समर्थकांना मैदानाबाहेर ठेवण्याची शिक्षा तर याहून वरची. दहा जणांच्या दंग्यापायी हजार जण घरी बसतात. त्या हजारांना वाटतं, आपल्या माणसानं आपल्याविरुद्ध सही केली.

वरच्या पायऱ्या

तालमीच्या वर केएसए, तिच्या वर महाराष्ट्रासाठी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, तिच्या वर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, आणि शेवटी आशियाई महासंघ व फिफा. प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्या पायरीवरच्या पदाधिकाऱ्यांनी निवडलेला. लोकशाही आहे, नाही असं नाही, पण ती पदाधिकाऱ्यांची लोकशाही.

२०२२ मध्ये हे साऱ्या देशानं पाहिलं. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल यांचा महासंघावरचा कार्यकाळ २०२० च्या अखेरीस संपला होता, तरी नव्या घटनेचा खटला चालू असल्यानं निवडणूक झाली नव्हती. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कारभार प्रशासकांच्या समितीकडे दिला. राज्य संघटनांच्या बरोबरीनं ३६ माजी खेळाडूंनाही मतदानाचा हक्क द्यावा, असा प्रस्ताव पुढे आला. फिफाला तो मान्य नव्हता. ऑगस्टमध्ये फिफानं ‘त्रयस्थांचा हस्तक्षेप’ म्हणत भारतीय महासंघ निलंबित केला, प्रशासक समिती हटल्यावर २६ ऑगस्टला निलंबन उठलं, आणि २ सप्टेंबरला निवडणूक झाली. मतदार ३४, सगळे राज्य संघटनांचे प्रतिनिधी. माजी गोलरक्षक कल्याण चौबे यांना ३३ मतं, भारताचा माजी कर्णधार बायचुंग भुतिया यांना १. नव्या कार्यकारिणीत कोल्हापूरचे मालोजीराजे छत्रपती होते, ही आपल्या भागाला अभिमानाची बाब.

निकाल योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण ज्याचं नाव गल्लीबोळातल्या पोरांच्या जर्सीवर असायचं त्याला एक मत पडतं, यातून मतदारयादी आणि मैदान यांच्यात किती अंतर आहे ते समजतं. ग्वाल्हेरच्या हजिऱ्यात, तानसेनच्या समाधीच्या आसपासच्या गल्ल्यांत रात्री जागून सामने बघणारं कुणी मराठी घर असो की शिवाजी पेठेतलं पोरगं असो, या निवडणुकीत दोघांचं मत सारखंच, शून्य.

२०२५ मध्ये दोन बदल झाले. संसदेनं ऑगस्टमध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात क्रीडा महासंघांच्या कार्यकारिणीवर १५ जणांची मर्यादा, नामवंत खेळाडू आणि महिलांना जागा, खेळाडूंची समिती, वादांसाठी न्यायाधिकरण या तरतुदी आहेत. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता दिली, तीत माजी खेळाडूंना सर्वसाधारण सभेत स्थान मिळालं. खेळाडू आत आले, हे चांगलंच. तिकीट काढणारा मात्र दोन्ही कागदांत कुठे नाही.

कंपनीचा संघ: मालक उठला की संपलं

तालमीला शिव्या घालणाऱ्यानं एकदा पुण्याकडे बघावं. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, आय-लीगमध्ये २०१२-१३ ला उपविजेता ठरला आणि २०१५ मध्ये मालक कंपनीनं गुंडाळला. एफसी पुणे सिटी इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामापासून, म्हणजे २०१४ पासून खेळला आणि २०१९ मध्ये बंद झाला. त्याची जागा हैदराबाद एफसीला मिळाली, त्यांनी २०२१-२२ चं विजेतेपद जिंकलं, आणि २०२५ मध्ये तो संघही दिल्लीला गेला. बालेवाडीत घसा बसेपर्यंत ओरडलेल्या समर्थकाला यातल्या एकाही वळणावर कुणी विचारलं नाही. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये असाच थांबला, त्याआधी चारच वर्षांपूर्वी राष्ट्रीय विजेता झालेला.

गोव्यात समर्थक गावचा असला तरी मोठे क्लब खाण-उद्योगातल्या घराण्यांचे. २०१६ मध्ये महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपोनं पाच वेळा देशाचं विजेतेपद घेतलेलं. निषेधाचं कारण अनेकांना पटलं, पण फातोर्ड्याच्या गॅलरीला तो निर्णय कळवला गेला, विचारला गेला नाही.

कंपनीच्या संघात समर्थकांचे क्लब मात्र रीतसर असतात. नाव, बोधचिन्ह, ढोल, मोठा पडदा-बॅनर, ठरलेला स्टँड. व्यवस्थापन त्यांना मान्यता देतं, बाहेरगावच्या सामन्याची सोय करतं, खेळाडूंशी भेट घालून देतं. यातूनच पुढची पंचाईत होते. मान्यता देणाराच उद्या तिकिटाचे दर वाढवतो, तेव्हा समर्थक क्लबचा प्रमुख बोलतो का? बोलला तर सवलती जातात, गप्प बसला तर मागचे म्हणतात हा विकला गेला. केरळ ब्लास्टर्सच्या ‘मंजप्पडा’ या मोठ्या समर्थक गटानं २०२४-२५ च्या हंगामात व्यवस्थापनाविरुद्ध उघड भूमिका घेतली आणि तिकिटांवर बहिष्काराचा मार्ग धरला, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली ती याचमुळे. असं सहसा कुणी करत नाही.

कोलकाता: सभासद आहेत, तरी

सभासद यादी असली की सगळं सुरळीत होतं असंही नाही. ईस्ट बंगाल हा सभासदांचा क्लब, कार्यकारिणी निवडून येते. २०२० मध्ये श्री सिमेंट कंपनीनं ७६ टक्के हिस्सा घेतला, संघ सुपर लीगमध्ये गेला. अंतिम करारावर सही करायला मात्र क्लबच्या पदाधिकाऱ्यांनी नकार दिला. करार केला तर सभासदांचे हक्क जातील, असं त्यांचं म्हणणं. समर्थकांतला एक मोठा गट म्हणाला, हक्क सभासदांचे नव्हे, तुमच्या खुर्च्यांचे जातील. सही करा, नाहीतर संघ लीगबाहेर पडेल. २१ जुलै २०२१ ला क्लबच्या तंबूबाहेर मोर्चा आला, पदाधिकाऱ्यांच्या बाजूचा गटही समोर उभा राहिला, मारामारी झाली, पोलिसांनी लाठीमार केला. एकाच रंगाच्या जर्सीतली माणसं दोन्हीकडे होती. ऑगस्टच्या अखेरीस मुख्यमंत्र्यांच्या मध्यस्थीनं त्या हंगामापुरता मार्ग निघाला.

शेजारच्या मोहन बागानमध्ये वेगळी तक्रार. २०२० च्या विलीनीकरणात ८० टक्के हिस्सा गोएंका समूहाकडे गेला आणि क्लबच्या नावापुढे ‘एटीके’ लागलं. समर्थकांनी तीन हंगाम ते काढा म्हणून फलक धरले. त्यांचे निवडून आलेले पदाधिकारी कंपनीच्या बाजूला बसल्यासारखे वाटत राहिले. १८ मार्च २०२३ ला फातोर्ड्यात अंतिम सामना जिंकल्यावर संजीव गोएंका यांनी नाव बदलण्याची घोषणा केली. मागणी मान्य झाली, पण घोषणा मालकाच्या तोंडून आली. हे कोलकात्यातल्या जुन्या सभासदांना कसं वाटलं असेल, याचा अंदाज करता येतो.

गोकुळची सभा आणि बार्सिलोना

कोल्हापूरकराला सभासद म्हणजे काय हे युरोपकडून शिकायची गरज नाही. साखर कारखाना आणि गोकुळ दूध संघाची वार्षिक सभा ज्यानं पाहिली त्याला ‘मंजूर, मंजूर’ आणि ‘नामंजूर’ यातला आवाज ओळखता येतो. २०१८ मध्ये गोकुळ मल्टिस्टेट करण्याच्या ठरावावरून सभेत केवढा गोंधळ झाला, तो सीमेच्या दोन्ही बाजूंना आठवत असेल. सीमेपलीकडचे सभासद येणार म्हणून तर इथला सभासद पेटला होता. २०१९ मध्ये तो प्रस्ताव मागे पडला. दूध घालणारा शेतकरी ज्या हक्कानं संचालकाला जाब विचारतो, तो हक्क फुटबॉलमध्ये मागायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

बार्सिलोना हा जवळपास असाच सभासदांचा क्लब. २०२० मध्ये अध्यक्ष बार्तोमेऊ यांच्यावर अविश्वास ठराव आणण्यासाठी मतदार सभासदांच्या १५ टक्के, म्हणजे १६,५२० सह्या लागत होत्या. करोनाच्या काळात २०,००० हून जास्त जमल्या. सार्वमत व्हायच्या आधीच, २७ ऑक्टोबरला, अध्यक्षांनी संचालक मंडळासह राजीनामा दिला. कर्जाचा डोंगर काही त्यामुळे कमी झाला नाही. सभासद निवडतात तो माणूस हिशेबात हुशार असेलच, याची हमी तिथेही नाही.

जर्मनीत नियमच आहे. क्लबच्या व्यावसायिक कंपनीत मतांचं बहुमत मूळ सभासद-संस्थेकडे राहिलं पाहिजे. त्याला ५०+१ म्हणतात. तरी तिथेही एका मतावरून रान पेटलं, आणि ती गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक सभासदानं माहीत करून घ्यावी अशी आहे. ११ डिसेंबर २०२३ ला जर्मन लीगच्या ३६ क्लबांची बैठक झाली. प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला ८ टक्क्यांपर्यंतचा वाटा २० वर्षांसाठी एखाद्या गुंतवणूकदाराला देऊन सुमारे १ अब्ज युरो उभे करायचे, असा ठराव. दोन तृतीयांश बहुमत हवं होतं, म्हणजे २४. बरोबर २४ मतं पडली. हॅनोवर ९६ च्या मूळ सभासद-संस्थेनं आपले प्रतिनिधी मार्टिन किंड यांना विरोधात मत द्या असा स्पष्ट आदेश दिला होता. मतदान गुप्त. कोण कसं वागलं याचा मेळ घालताना बोट किंड यांच्याकडे गेलं, आणि मत काय दिलं हे त्यांनी सांगितलं नाही. मग आठवडेच्या आठवडे प्रेक्षकांनी टेनिसचे चेंडू, चॉकलेटची नाणी मैदानात फेकली, सामने थांबत राहिले. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगनं हा व्यवहार सोडून दिला.

एक गुप्त मत आणि एक न पाळलेला आदेश. गोकुळच्या सभेत निदान हात वर दिसतात.

इंग्लंडमध्ये बहुतेक क्लब खासगी मालकीचे. एप्रिल २०२१ मध्ये सहा मोठ्या क्लबांच्या मालकांनी युरोपियन सुपर लीगला होकार दिला, समर्थक रस्त्यावर आले आणि दोन दिवसांत सहाही क्लब मागे फिरले. त्यानंतर सरकारनं समर्थकांच्या बाजूनं चौकशी नेमली आणि २०२५ मध्ये स्वतंत्र फुटबॉल नियामकाचा कायदा झाला. क्लबनं महत्त्वाच्या बाबींवर समर्थकांशी सल्लामसलत करावी, बोधचिन्ह आणि घरच्या जर्सीचे रंग त्यांना न विचारता बदलू नयेत, अशी त्याची दिशा. सल्लागार मंडळंही आली. लगेच नवा वाद सुरू झाला, की मंडळावर बसलेले समर्थक खरोखर निवडून आलेले की क्लबनं वेचलेले.

आपल्याकडे कायदा काय देतो

महाराष्ट्रात बहुतेक नोंदणीकृत मंडळं संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० खाली येतात. दुसऱ्या कायद्याचा कारभार धर्मादाय आयुक्तांकडे. सीमेपलीकडे बेळगाव, निपाणीत कर्नाटकाचा १९६० चा संस्था नोंदणी कायदा लागू, तिथे कार्यालय आणि नमुने वेगळे.

पहिलं काम म्हणजे आपली तालीम नोंदलेली आहे का आणि कुठल्या नावानं, ते शोधणं. मंडळाचं लोकांच्या तोंडचं नाव आणि नोंदणीतलं नाव नेहमी जुळतं असं नाही. नोंदणी असेल तर धर्मादाय कार्यालयातल्या शेड्यूल वनच्या उताऱ्यावर विश्वस्तांची नावं दिसतात. कार्यकारिणी बदलली की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो, त्या कार्यालयाच्या आवारात त्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. तो वेळेवर गेला नसेल तर उताऱ्यावर पंधरा वर्षांपूर्वीची नावं, प्रसंगी वारलेली माणसंही, तशीच राहतात, आणि बैठकीत सही करणारा माणूस कागदावर कुणीच नसतो. हे शोधून काढायला वकीलही लागत नाही.

हिशेब ठेवणं कलम ३२ नं बंधनकारक, ते तपासून घेणं कलम ३३ नं. नोंदणी नसलेल्यांनी धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे जमवायचे तर कलम ४१ क प्रमाणे आधी धर्मादाय कार्यालयाकडे जावं लागतं, गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी हे अनेकांच्या सवयीचं झालंय. गैरकारभार दिसला तर हितसंबंध असलेल्या व्यक्तीला आयुक्तांकडे दाद मागता येते, कलम ४१ ड खाली विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करण्याचे अधिकार आहेत. पण ही वाट लांब आणि भांडणाची. पेठेत रोज एकमेकांची तोंडं बघायची असतात, म्हणून सहसा कुणी तिकडे जात नाही, आणि ते समजण्यासारखं आहे.

त्याआधीची सोपी वाट सभासद होण्याची. तालमीच्या घटनेत सभासद फी किती, सभासद कुणाला होता येतं, सर्वसाधारण सभा वर्षातून कधी, गणसंख्या किती, हे लिहिलेलं असतं. घटनेची प्रत मागायची, फी भरायची, पावतीवर ‘वर्गणी’ न लिहिता ‘सभासद फी’ असं लिहून घ्यायचं. एवढ्या एका शब्दानं सभेत उभं राहून बोलता येतं की नाही ते ठरतं. सभेत मागायच्या गोष्टीही फार नाहीत. हंगामाचा तपासलेला जमा-खर्च, केएसए आणि पोलिसांबरोबरच्या बैठकीला कोण जाणार याचा ठराव, तिथे काय ठरलं त्याचं इतिवृत्त, आणि गॅलरीतल्या पोरांवर केस झाली तर तालीम वकील देणार की नाही याचं लेखी उत्तर.

खेळाडू नोंदणीची धावपळ सुरू झाली की कारभाऱ्यांना कुणाशी बोलायलाही सवड नसते. सभा लावायची तर ती हंगाम संपल्यावर, पावसाळ्यात, गणपतीच्या वर्गणीला सुरुवात होण्याआधी लावलेली बरी.